घरच्या संगणकावर क्वांटम

यवतमाळात बसून क्वांटम प्रोग्रॅम चालवता येतो, असे म्हटले की लोकांना थट्टा वाटते. पण मंडळी, मोफत मिळणारे ‘किसकिट’ संगणकात घ्या, काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा द्या. साधा संगणकही क्वांटमची नक्कल करतो. दोन क्युबिट एकमेकांत गुंतवून हजारदा मोजले, तर साधारण निम्म्या वेळा ००, निम्म्या वेळा ११ येते. ०१ कधीच नाही.

मात्र प्रत्येक नव्या क्युबिटला दुप्पट मेमरी लागते. २० क्युबिटना १६ मेगाबाइट, तर ३० ना १६ गिगाबाइट! पुढे नक्कल थकते. तिथे खरे यंत्रच हवे. पुण्याची डीआरडीओची प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी २०२४ साली सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. मोठी यंत्रे येतील तेव्हा येतील. त्यांची भाषा आपली मुले आजच घरी शिकू शकतात.