यवनाचा भोजनमंडप आणि शिनोलीचे ताट

जुन्नरजवळ शिवनेरीच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील एक छोटासा लेख आहे. चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दान दिला, एवढाच त्याचा आशय. हा लेख सातवाहन काळातील आहे. पश्चिमेकडील लोकांस, विशेषतः ग्रीकांस, त्या काळी यवन म्हणत, आणि कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. दूरदेशीच्या माणसाने या मुलखात दान द्यावे आणि तेही जेवणाच्या जागेचे, ही गोष्ट मोठी मनोरम आहे.

धान्यांचा प्रवास तर याहून जुना आहे. घोडेगावहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर शिनोली लागते. तेथील घोडनदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जव, गहू व मसूर सापडले. ही तिन्ही पिके मूळची पश्चिम आशियातील. उलट वांगे व तीळ आपल्याकडून पश्चिमेस गेले. संस्कृतातील 'वातिंगण' फारसी-अरबी मुखांतून फिरत फिरत युरोपात पोहोचले, आणि आज फ्रान्समध्ये वांग्यास जे नाव आहे ते त्याचेच रूप होय. टोमॅटो मात्र दोघांकडेही अमेरिकेतून आला.

तेव्हा भूमध्य समुद्राकाठच्या शाकाहारी जेवणात शिनोलीच्या गृहिणीस अनोळखी असे फारसे काही नाही. तेथे ऑलिव्हचे तेल वापरतात, येथे शेंगदाण्याचे किंवा करडईचे चालेल. त्यासाठी महागडी बाटली आणण्याचे काहीच कारण नाही.

लेबनॉन, सीरिया या भागांत 'मुजद्दरा' हे गरिबाघरचे मुख्य अन्न आहे. एक वाटी अख्खा मसूर चार वाट्या पाण्यात अर्धा शिजवावा, मग त्यात एक वाटी धुतलेला तांदूळ, जिरे व मीठ घालून झाकण ठेवावे. तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून मंद आचेवर तेलात चांगले तपकिरी होईपर्यंत परतावेत. अर्धे भातात मिसळावेत, अर्धे वर पसरावेत. सारी चव या कांद्यात आहे. येथे घाई केल्यास ती साधी खिचडी होते. सोबत दही व काकडी असावी.

'फलाफेल' म्हणजे हरभऱ्याचा वडा. हरभरा रात्रभर भिजवावा, पण शिजवू नये. शिजवलेल्या हरभऱ्याचे वडे तेलात फुटतात. निथळून कांदा, लसूण, जिरे व भरपूर कोथिंबिरीसह जाडसर वाटावा व तळावा. भाजलेल्या वांग्याच्या गरात तिळाचे वाटण, लसूण व लिंबू घातले की भाकरीबरोबर ते पुरेसे जेवण होते. आपल्या भरतात व त्यात अंतर ते केवढे?

तुर्कस्तानातील 'बुलगूर' विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. नवा गहू दाणा मऊ होईपर्यंत, पण फुटू न देता, उकडावा. निथळून कडक उन्हात पूर्ण वाळवावा आणि जात्यावर भरडून चाळावा. हा रवा टिकतो व लवकर शिजतो. परतलेला कांदा, टोमॅटो व भिजवून शिजवलेला हरभरा त्यात घातला, की शेतावरून उशिरा परतणाऱ्या बाईस रात्रीचे जेवण अर्ध्या तासात उरकता येते.

हे केवळ जिभेचे कौतुक नव्हे. फाल्गुनात हरभरा घरात येतो, देणेकऱ्यांच्या तगाद्यापायी बाजारात जातो, आणि पुढे त्याच घरात भाकरीला कोरड्यास उरत नाही. याची झळ प्रथम बाईच्या व लेकराच्या ताटाला लागते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्य पुरवते. म्हणून भात व मसूर, गहू व हरभरा अशी जोडी असावी. कडधान्यातील लोह अंगी लागण्यास लिंबू किंवा टोमॅटो साहाय्य करतो, तर जेवणासोबतचा चहा अडथळा आणतो. पंडुरोग असलेल्या बायकांस अंगणवाडी सेविकांनी हे आवर्जून सांगावे. विक्रीपूर्वीच वर्षाचा हरभरा व मसूर वेगळा काढून कडुलिंबाच्या पाल्यासह कोठीत ठेवावा.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळला, की तोडणीचा खर्चही निघत नाही. इटली व तुर्कस्तानात टोमॅटो चिरून, मीठ लावून उन्हात वाळवतात. घरापुरते असे वाळवण येथेही होईल. त्याने बाजाराचा प्रश्न सुटणार नाही, तसा समज कोणी करून देऊ नये. फोडी चिवट होईपर्यंत, पाणी अजिबात न राहता, वाळवाव्यात. ओल राहिल्यास बुरशी येते. पावसाळ्यापूर्वी त्या घट्ट झाकणाच्या बरणीत भराव्यात आणि महिन्यातून एकदा उघडून पाहाव्यात.