व्हिडिओ लावला की लिनक्स हँग होतं. दोष नेमका कशात, हे कसं ओळखायचं?

सिनेमा अर्ध्यावर आलेला असतो आणि चित्र थांबतं. आवाज एकाच जागी घरघरत राहतो, माउसचा बाण हलत नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. सेव्ह न केलेलं काम त्यासोबत जातं. हे कधी तीन दिवसांनी होतं, कधी एकाच संध्याकाळी तीनदा. वैतागून लोक उबंटू पुसून मिंट टाकतात, मिंट पुसून फेडोरा, आणि दुखणं तिथेच राहतं. राहणारच, कारण नावं वेगळी असली तरी या सगळ्यांच्या पोटात लिनक्स कर्नलच असतो.

या बाबतीत इंटेलच्या 'बे ट्रेल' प्रोसेसरचं प्रकरण बघण्यासारखं आहे. 2013 साली आलेले हे चिप स्वस्त लॅपटॉप, टॅब्लेट आणि टीव्हीला जोडायच्या छोट्या पीसींमध्ये गेले. सेलेरॉन जे1900, सेलेरॉन एन2840, ॲटम झेड3735एफ ही त्यातली काही नावं. अनेकांनी त्यावर लिनक्स टाकलं आणि मशीन वाटेल तेव्हा ठप्प होऊ लागलं, बरेचदा व्हिडिओ चालू असताना. कुणी रॅम बदलली, कुणी ग्राफिक्सला दोष दिला. कर्नलच्या बगच्या यादीत ही तक्रार 109051 या क्रमांकाने नोंदवलेली आहे. मूळ प्रोसेसरच्या झोपेत होतं.

काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो. या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी1 म्हणजे हलकी डुलकी, सी6 म्हणजे गाढ झोप, ज्यात कोअरची वीज जवळपास तोडली जाते. आता व्हिडिओ बघा. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला 40 मिलिसेकंद. फ्रेम उलगडण्याचं जड काम ग्राफिक्स चिप करत असेल, तर प्रोसेसर जरासं काम करून पुन्हा झोपतो. हे उठणं-झोपणं सिनेमाभर चालतं, आणि बे ट्रेलवर याच ये-जा करण्यात मशीन अडकायचं. म्हणूनच पूर्ण ताण देणाऱ्या चाचणीत ते उत्तम टिकायचं आणि सिनेमा बघताना मान टाकायचं. हा उलटा प्रकार लक्षात न आल्याने अनेकांचे दिवस वाया गेले.

यावर चाललेला तोडगा होता गाढ झोपच बंद करण्याचा. तो एकदाच करून बघता येतो. ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इंटेल, अंडरस्कोर, आयडल, टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, सीस्टेट, बरोबरचं चिन्ह आणि 1 असं सलग इंग्रजीत लिहायचं आणि एफ10 दाबायचं. पुढच्या बूटला हा बदल आपोआप जातो. किंमत मात्र आहे: बॅटरी लवकर संपते. नंतरच्या कर्नलमध्ये या चिपसाठी दुरुस्त्या आल्या, त्यामुळे आधी कर्नल अपडेट करणं शहाणपणाचं.

पण प्रत्येक हँग बे ट्रेलचा नसतो. म्हणून पॉवरच्या बटणाकडे हात जाण्याआधी थोडं थांबावं. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? घरच्या वाय-फायवरच्या दुसऱ्या मशीनवरून पिंगला उत्तर येतं का? आलं, तर कर्नल जिवंत आहे आणि फक्त पडदा अडकलाय. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून टर्मिनल मिळालं तर काम वाचवता येतं. नाही मिळालं तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर हीच प्रिंट स्क्रीनची कळ) धरून एस, यू, बी एकामागून एक दाबावं. उबंटूवर हे सुरुवातीपासून चालू असतं, आणि डिस्कला इजा न होता मशीन रीस्टार्ट होतं.

मग नोंदी बघायच्या. टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल' या कमांडला हायफन बी आणि हायफन 1 जोडलं की मागच्या बूटची नोंद उघडते. शेवटी 'जीपीयू हँग' दिसलं तर संशय ग्राफिक्सवर. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर दोष व्हिडिओचा नाही, रॅम खाऊन टाकणाऱ्या ब्राउझरच्या टॅबचा असू शकतो. आणि काहीच नसेल, नोंद मध्येच तुटली असेल, तर तोही पुरावाच. लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे कारण खोलवर आहे: प्रोसेसरची झोप, खराब रॅम, तापलेलं मशीन किंवा कमजोर पॉवर सप्लाय. रॅमसाठी मेमटेस्ट86+ रात्रभर चालू ठेवावं.

ग्राफिक्सचा संशय असेल तर फायरफॉक्सच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये आणि व्हीएलसीच्या कोडेक्सच्या पानावर हार्डवेअरची मदत बंद करून बघावी. पंखा जास्त फिरेल, पण हँग थांबला तर ड्रायव्हरच दोषी असण्याची शक्यता मोठी.

एका वेळी एकच बदल करावा आणि घाई करू नये. जे मशीन तीन दिवसांनी हँग व्हायचं, ते एक संध्याकाळ नीट चाललं यावरून काहीच ठरत नाही. निदान दहा-बारा दिवस रोज सिनेमा लावून बघावा लागतो, आणि या दुरुस्तीतला तेवढाच भाग आनंदाचा आहे.