समिती सात जणांची, भार कुणावर?

सोसायटीची किंवा महिला मंडळाची समिती निवडली जाते, तेव्हा फळ्यावर सात नावे झळकतात. सहा महिने उलटले की बैठकीला तिघेच उरतात. एकाची बदली झालेली असते, कुणाच्या घरी आजारपण असते, कुणाला वेळच मिळत नाही. सगळी धावपळ एकाच्या गळ्यात पडते. तो आतल्या आत धुमसतो, एक दिवस सर्वांसमोर बोलून दाखवतो. मग काम राहते बाजूला आणि रुसवेफुगवे सुरू होतात.

नेमका असाच प्रसंग एकदा दिल्लीत ओढवला होता आणि काम होते देशाची राज्यघटना लिहिण्याचे!

रिकाम्या खुर्च्या

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधान सभेने सात जणांची मसुदा समिती नेमली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुन्शी, सय्यद मोहम्मद सादुल्ला, बी. एल. मित्तर, डी. पी. खेतान आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एकेक नाव दिग्गज. दुसऱ्याच दिवशी पहिली बैठक झाली आणि डॉ. आंबेडकर अध्यक्ष झाले.

पण पुढे काय झाले? ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ते सभेतच सांगितले. एकाने राजीनामा दिला, त्याच्या जागी दुसरा आला. एकाचे निधन झाले. एक अमेरिकेत होता, एक संस्थानांच्या कारभारात गुंतला होता. एक-दोघे दिल्लीपासून दूर होते, बहुधा प्रकृतीमुळे त्यांना येणे जमत नव्हते. शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवरच पडला, असे ते म्हणाले.

त्यांची स्वतःची प्रकृती तरी कुठे धड होती? मधुमेहाने ते त्रस्त होते आणि कायदामंत्रिपदाचे कामही होतेच. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या या डॉक्टर पत्नीने त्यांच्या औषधपाण्याची काळजी वाहिली.

मनातले कागदावर

मसुदा समिती १४१ दिवस बसली. फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार झालेला मसुदा दडवून न ठेवता लोकांपुढे मांडला गेला. वाचायला, टीका करायला सुमारे आठ महिने मिळाले. सभेत ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आपल्या लहानशा मंडळात दोन आक्षेप आले तरी आपला पारा चढतो!

शंका काढणाऱ्यांचेही आभार

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी समारोपाचे भाषण केले. आपण किती राबलो, कोण कोण आले नाही, हा पाढा त्यांनी वाचला नाही. उलट, आपल्याहून योग्य माणसे समितीत असताना अध्यक्षपद आपल्याकडे आले याचे आश्चर्य वाटले, असे सांगून अल्लादींचे नाव घेतले. श्रेयाचा वाटा त्यांनी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना दिला, कारण समितीपुढे कच्चा आराखडा त्यांनीच ठेवला होता. गुंतागुंतीचे म्हणणे सोप्या, नेमक्या कायद्याच्या भाषेत बसवणारे एस. एन. मुखर्जी आणि कधी कधी मध्यरात्र उलटून गेली तरी राबणारे कर्मचारी यांनाही ते विसरले नाहीत.

आणि विशेष म्हणजे, सभेत सतत प्रश्न उपस्थित करणाऱ्या ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख आदी सदस्यांचे त्यांनी नाव घेऊन आभार मानले. सगळ्यांनीच निमूटपणे माना डोलावल्या असत्या, तर सभेचे कामकाज नीरस झाले असते, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, घटना स्वीकारली गेली.

आपल्या घरात, मंडळात

तुमच्याही गटात खुर्च्या रिकाम्या होणारच. तेव्हा जागा भरायची की काम पुन्हा वाटून घ्यायचे, हे वेळेवर ठरवा. ठरलेले लिहून सर्वांना दाखवा. तोंडी निरोपातून गैरसमज वाढतात. शंका काढणाऱ्याला शत्रू मानू नका, चूक तोच आधी दाखवतो. पुढारीपण करणाऱ्याच्या तब्येतीकडेही कुणीतरी लक्ष द्यावे. तोही माणूसच असतो.

आणि काम तडीस गेले, की फळ्यावर नाव नसलेल्यांची आठवण आधी काढा. हिशेब लिहिणारी, सतरंज्या घालणारा, रात्री उशिरापर्यंत थांबलेला मुलगा. ज्यांची नावे घेतली जातात, ती माणसे पुढच्या वर्षी बैठकीला आपणहून येतात.