गिऱ्हाईक परत पाठवण्याची कला

माल विकावा कसा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण न विकता गिऱ्हाइकाला हसतमुखाने परत कसे पाठवावे, हे पाहायचे तर आमच्या औरंगाबादेस, म्हणजे 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरास, यावे. पुणेरी पाटीचा खाक्या इथे चालत नाही. 1948 पर्यंत निजामाच्या अमलात काढलेले हे शहर. गुलमंडीवरचा दुकानदार 'नाही' म्हणण्याआधी बसायला स्टूल देतो!

खरी परीक्षा पैठणीच्या दुकानात. पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. हातमागावरची पैठणी नक्षीप्रमाणे महिना, कधी कधी वर्षसुद्धा खाते. आणि शेजारी यंत्रमागाची नक्कल थोडक्या पैशांत लटकलेली. अशा वेळी एखाद्या वहिनी पदर चाचपून म्हणतात, "अहो, हीच समोर निम्म्या किमतीत मिळते!"

कच्चा दुकानदार इथे उखडतो. मुरलेला गडी मुकाट्याने पदर उलटा करतो. अस्सल पैठणीचा मोर मागच्या बाजूनेही तसाच मोर दिसतो. नकलेच्या पाठीवर बहुधा सुटे, कापलेले धागे. मग म्हणतो, "वहिनी, समोरची साडीही चांगलीच आहे, जरूर घ्या. पण हिची किंमत मी उतरवली, तर ती विणणाऱ्याच्या मजुरीतून उतरेल." यात भांडण नाही, लाचारीही नाही. वहिनी समोर जातात; पण रागावून जात नाहीत, हे महत्त्वाचे. किमतीच्या अशाच ओढाताणीत इथल्या हिमरूचे हातमाग किती उरले, हे कुणाही जुन्या माणसाला विचारावे.

तरी भवानीच्या वेळी जीव खालीवर होतोच. सकाळचे पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये, ही समजूत भल्याभल्यांच्या मनात असते. आणि घासाघीस करणाऱ्यांना ती बरोबर ठाऊक असते! त्यांच्यासाठी काही दुकानदार एखादा रुमाल, एखादे पाकीट जवळ ठेवतात. भवानी त्यावर होते, पैठणीची किंमत शाबूत राहते.

मात्र सदोष माल घेऊन आलेल्याला गोड बोलून कटवणे, ही कला नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. भिंतीवरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तिथे उपयोगी पडत नाही.

उधारीवाल्याला जुनी वही दाखवावी. तो आपोआप घाईत असल्याचे आठवून निघतो. पण जावईबापूच उधारीवर पैठणी मागायला आले, तर काय बोलावे, याचा तोडगा अजून गुलमंडीवरही कुणाजवळ नाही.