कुत्र्याने भलतीच वस्तू गिळल्यास पहिले काही तास निर्णायक

मोजा, रबरी चेंडू, आंब्याची कोय, सुई-दोरा किंवा नाणे अशी घरातील साधी वस्तूही पोटात गेल्यास पाळीव कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाशी तात्काळ संपर्क साधणे, हाच सुरक्षित मार्ग असतो.

कुत्रा नव्या वस्तूची ओळख वास घेऊन आणि तोंडात धरून करून घेतो. पिल्लांना दात येताना चावण्याची ओढ अधिक असते, तर कपड्यांना येणारा माणसाचा वास मोठ्या कुत्र्यांनाही आकर्षित करतो. लॅब्रॅडोर जातीचा खादाडपणा काही अंशी आनुवंशिक आहे. केंब्रिज विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, या जातीच्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात दोष आढळतो.

गिळलेली वस्तू जठरात काही दिवस तशीच पडून राहू शकते. ती लहान आतड्यात उतरून अडकली, की खरा धोका सुरू होतो. अडथळ्यामागे द्रव साचतो, आतड्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि अखेर ती फाटून पोटात जंतुसंसर्ग पसरतो.

दोऱ्याचा धोका निराळा आहे. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि उरलेला दोरा पुढे सरकतो. नाडी ओढताच नेफ्याला चुण्या पडाव्यात, तसे आतडे गोळा होते आणि ताणलेला दोरा ते कापत जातो. म्हणूनच तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसला, तरी तो कधीही ओढू नये.

बटणाच्या आकाराची बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास तिच्यातील विद्युतप्रवाहामुळे दोन तासांच्या आतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. नाण्याचा धोका त्याच्या धातूवर अवलंबून असतो. अमेरिकेत १९८२ नंतर पाडलेल्या एक सेंटच्या नाण्यांत तांब्याच्या मुलाम्याखाली जस्त आहे. जठरातील आम्लात ते विरघळून रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करते.

वारंवार उलट्या, अन्नावरील वासना उडणे, लाळ गळणे, पोटदुखी, सुस्ती आणि शौचास न होणे ही प्रमुख लक्षणे होत. क्ष-किरण तपासणीत धातू आणि हाडे स्पष्ट दिसतात, कापड किंवा प्लास्टिक मात्र अनेकदा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफीची मदत घेतली जाते. वस्तू जठरात असेतो ती बहुधा दुर्बिणीद्वारे काढता येते. आतड्यात अडकल्यावर शस्त्रक्रियेवाचून सहसा पर्याय उरत नाही. पहिल्या काही तासांना महत्त्व आहे ते यामुळेच.

उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. बळेच पाजलेले तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. सुई, काच किंवा बॅटरी गिळली असल्यास उलटीमुळे अन्ननलिकेला पुन्हा इजा होते. त्यामुळे उलटी करवायची की नाही, हा निर्णय पशुवैद्यकावरच सोपवावा. कुत्र्याचे वजन, वस्तू गिळल्याची अंदाजे वेळ आणि त्या वस्तूचा उरलेला तुकडा किंवा तशीच दुसरी वस्तू सोबत असल्यास निदान सोपे होते.

कचऱ्याचा डबा झाकणाचा असावा, शिवणाचे साहित्य बंद पेटीत ठेवावे आणि आंब्याच्या दिवसांत कोयी उघड्यावर टाकू नयेत. एवढ्या दक्षतेने अनेक शस्त्रक्रिया टळू शकतात.