वास् : एका लॅटिन भांड्याची गोष्ट

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर, तर तिच्या भिंतीची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते. तिच्यातून सतत रक्त वाहते. परंतु एवढ्या जाड भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत त्या रक्तातील प्राणवायू पुरेसा झिरपत नाही. म्हणून या थराला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या वेगळ्याच असतात. त्यांचे नाव 'वासा वासोरुम'. नाव अवघड वाटते ना? पण थोडे लॅटिन व्याकरण पाहिले की ते घोकावे लागत नाही.

लॅटिनमध्ये भांड्याला 'वास्' म्हणतात. आपल्या 'भांडे' किंवा संस्कृतातील 'पात्रम्' या शब्दांप्रमाणे तोही नपुंसकलिंगी आहे. 'वासिस' म्हणजे भांड्याचे. अनेकवचनात 'वासा' म्हणजे भांडी आणि 'वासोरुम' म्हणजे भांड्यांचे. जसे संस्कृतात 'पात्राणि' आणि 'पात्राणाम्'.

लॅटिन नामे कशी चालतात यावरून त्यांचे पाच वर्ग करतात. 'वास्' मात्र एकवचनात तिसऱ्या वर्गाप्रमाणे आणि अनेकवचनात दुसऱ्या वर्गाप्रमाणे चालतो! असे का? जुन्या लॅटिनमध्ये याच अर्थाचा 'वासुम' हा दुसऱ्या वर्गातील शब्दही होता. इ. स. पू. १८४ च्या सुमारास वारलेल्या प्लॉटस या नाटककाराने तो वापरला आहे. पुढे एकवचनात 'वास्' टिकला. अनेकवचनात 'वासुम'ची रूपे राहिली.

रोमन सैनिक तळ हलवताना 'वासा गोळा करणे' असे म्हणत. आपण 'गाशा गुंडाळणे' म्हणतो, तसेच. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे कापड.

'वास्'पासून 'वास्कुलुम', म्हणजे लहान भांडे, हा शब्द झाला. त्यावरून शास्त्रात 'व्हॅस्क्युलर' म्हणजे वाहिन्यांसंबंधीचा हा शब्द आला. 'वास्केलुम' या दुसऱ्या लघुरूपापासून फ्रेंचमार्गे इंग्रजी 'व्हेसल' आला. त्याचे अर्थ भांडे, जहाज आणि रक्तवाहिनी!

आता 'वासा वासोरुम'चा अर्थ उघड झाला : वाहिन्यांच्या वाहिन्या. मराठीतील 'च्या'चे काम तेथे 'ओरुम' करतो.

जाता जाता एक प्रश्न. 'नर्वुस' म्हणजे मज्जातंतू, त्याचे अनेकवचन 'नर्वी'. मग 'नर्वी नर्वोरुम' म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.