राजीनाम्यामागील थकवा

अहवाल वर्षातील जमाखर्च, यंत्रसामग्री व रुग्णसंख्या यांचा तपशील इतरत्र दिला आहे. ताळेबंदात ज्याची नोंद होत नाही अशा एका विषयाकडे आश्रयदाते, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेल्या पावसाळ्यात बालरुग्ण अतिदक्षता विभागातील एका अनुभवी परिचारिकेने राजीनामा दिला. अर्जात कारण होते 'घरगुती अडचण'. आम्ही वेतनवाढ देऊ केली. प्रशासनास अशा वेळी प्रथम तेच सुचते. त्यांनी ती नाकारली. पुष्कळ बोलणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, काम जड नाही. पण पाच नंबरचे बाळ गेले, त्याच्या आईला धरून बसले, आणि दहा मिनिटांत सहा नंबरच्या आईशी हसून बोलायचे होते. आता घरी माझ्या मुलाला ताप आला तरी मला काही वाटत नाही. त्याचीच भीती वाटते."

हे 'काही न वाटणे' नवे नाही. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांत मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांना ते आढळले आणि १९७४ साली त्यांनी त्यास 'बर्नआउट' म्हटले. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी त्याच्या मापनाची पद्धत प्रसिद्ध केली. तीत तीन गोष्टी पाहिल्या जातात : मनाचा थकवा, रुग्णाविषयीची अलिप्तता आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही ही भावना. अलिप्तता ही बहुधा थकलेल्या मनाने स्वतःभोवती उभारलेली भिंत असते. नातेवाइकांस मात्र ती उद्धटपणा वाटते. मग तक्रार येते, खुलासा मागितला जातो, थकवा आणखी वाढतो. खुलाशाच्या अशा कित्येक पत्रांवर आमचीच स्वाक्षरी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउट हा आजार न मानता कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती मानली आहे. आमच्या वाणिज्य शाखेच्या बुद्धीला याचा अर्थ असा लागतो की उपाय परिचारिकेवर नव्हे, कामाच्या मांडणीवर करावयाचा आहे. यंत्रांचा घसारा आम्ही दरवर्षी न चुकता लिहितो, त्यांचे देखभाल करार वेळेवर नूतन करतो. माणसांसाठी तशी तरतूद कधी केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

चौकशीअंती आमचा एक जुना नियमच दोषी आढळला. थकीत बिलाची आठवण वॉर्डातील सिस्टरांनीच नातेवाइकांस द्यावी, असा तो नियम होता. ज्या हाताने रात्रभर बाळाला सांभाळले, त्याच हाताने सकाळी बिलाचा कागद पुढे करावयाचा! नियम करताना आम्हांस तो सोयीचा वाटला होता. आता ते काम, निर्धन रुग्ण निधीची माहिती देण्यासह, वैद्यकीय समाजसेवकांकडे सोपविले आहे. मृत्यूनंतर त्या परिचारिकेस अर्धा तास खाटेवरून मोकळे करावे, असेही ठरले. परंतु रात्रपाळीत मनुष्यबळ अपुरे असल्याने हे अद्याप नेहमी जमत नाही.

येथे देणगीदारांस एक विनंती. यंत्रासाठी देणगी देणे सर्वांस आवडते, त्यावर नावाची पाटीही लागते. रात्रपाळीच्या एका जादा परिचारिकेच्या वेतनास पाटी लावता येत नाही, तरीही त्याचा विचार व्हावा. नातेवाइकांनी आपल्यापैकी एकाच व्यक्तीस चौकशीसाठी नेमले, तर तेच उत्तर दहा जणांस देण्याचे श्रम वाचतील. कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे; परंतु रोजच्या चढ्या आवाजावर कायद्याचा इलाज नसतो.

उपरोक्त परिचारिका सध्या लसीकरण विभागात काम पाहतात. तेथेही मुले रडतात, पण घरी जातात. त्यांचा अर्ज आमच्या फाइलीत तसाच आहे. त्यांनी तो मागे घेतलेला नाही आणि आम्हीही अद्याप विचारलेले नाही.